शाळेचा संघ आणि नाक्यावरचा हवालदार

शाळेचा संघ जिंकला की गावाच्या अंगात कसे येते, हे तुम्हांला मी काय सांगावे! साधारण तीस वर्षांपूर्वी आमच्या गुलमंडीतल्या पोरांनी बास्केटबॉलची ढाल जिंकून आणली. हलगीवर मिरवणूक निघाली. मीही नाचत होतो. हरलेल्या शाळेची मुले ओट्यावर उभी होती. कुणी तरी शीळ घातली, एक चप्पल भिरभिरत आली, आणि आमच्यातल्या एकाने दगड उचलला. पुढे चाललेल्या हवालदारांनी काठी उगारली नाही. एवढेच म्हणाले, "अरे, तुझे वडील आत्ताच चहा पिताना दिसले. बोलावू का?" दगड खाली पडला.

गंमत अशी, की हा खेळ जन्मलाच मुळी दांडगाई आवरण्यासाठी. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, थंडीमुळे आत कोंडलेल्या व वैतागलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो रचला. नियम तेरा. ढकलाढकली केली तर चूक. दुसऱ्यांदा केली, तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसायचे. मार नाही; मुद्दाम इजा करायचा हेतू दिसला, तरच पूर्ण सामन्यातून हकालपट्टी. आमचे हवालदार हे पुस्तक वाचून शिकले नव्हते, पण त्यांची रीत तीच.

ही रीत एका माणसापुरतीच राहिली तर ती त्याच्या बदलीबरोबर जाते. म्हणून भिवंडीची गोष्ट सांगतो. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेले ते गाव. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या. पुढाऱ्यांपेक्षा दोन्ही समाजांतली साधी माणसे घेतली, आणि त्यांच्याबरोबर त्या भागातला पोलीस बसू लागला. भांडणे नळाची, गटाराची, पोरांची. तीच तिथे निघत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

आमच्या शहरात मे २०१८ मध्ये मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज या भागांत जाळपोळ झाली. गुलमंडीपासून ही ठिकाणे किती लांब? चालत गेलात तर पान चघळून संपायच्या आत पोचाल. त्या रात्री मला ते हवालदार फार आठवले.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, पुढच्या सामन्याला आपल्या भागातल्या पोलिसाला बोलवा. बंदोबस्ताला नव्हे हं, पाहायला! दोन्ही संघांतल्या मुलांची नावे त्याला सांगा, आणि मिरवणुकीचा रस्ताही आदल्या दिवशीच त्याच्याबरोबर चालून ठरवा.