आशा आणि पुरावा



मैलापुरात कपालीश्वराचे मंदिर आणि वैद्याचे औषध, दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. अशा ठिकाणी स्वमग्न मुलाची आई नव्या उपचाराची वार्ता ऐकून धावली, तर तिला भोळी म्हणणे अन्यायाचे होईल.

सिक्रिटिन हे संप्रेरक टोचल्यावर आपला मुलगा बोलू लागला, असे अमेरिकेतील एका आईचे सांगणे १९९८ मध्ये सर्वत्र पोहोचले. हजारो पालक त्या औषधामागे लागले. १९९९ मध्ये ६० मुलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना सिक्रिटिन, काहींना केवळ मिठाचे पाणी टोचले होते; सुधारणा दोन्ही गटांत सारखीच आढळली. हे कळल्यावरही शेकडा ६९ पालकांना सिक्रिटिन हवेसेच वाटत होते.

यात लबाडी नव्हती. मूल वाढतच असते आणि आशेने पाहणारी दृष्टी प्रत्येक नव्या शब्दाचे श्रेय औषधाला देते. या आशेचाच व्यापार होतो. स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरविले, ते याचसाठी.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी मैलापूरच्या त्या आईने एवढेच विचारावे: हे औषध न घेतलेली मुलेही इतकीच सुधारली नाहीत ना?