काळ्या मातींत ‘थार रॉक्स’

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे सुमारें तीस किलोमीटरांवर बुटीबोरी हें गांव लागतें. येथें मोठी औद्योगिक वसाहत आहे, टायरांचा कारखाना आहे, आणि वर्धेकडे जाणारा रस्ताहि येथूनच फुटतो. परंतु डांबरी रस्ता सोडून फर्लांगभर बाजूस वळलें, कीं कपाशीच्या शिवारांतून जाणारी पांदण सुरू होते. वाटेल त्या भूमीवर चालते अशी जिची ख्याति, त्या मोटारीची परीक्षा घ्यावयाची ती अशा पांदणीवरच.

महिंद्रा कंपनीनें १५ ऑगस्ट २०२४ रोजीं बाजारांत आणलेली पांच दारांची ‘थार रॉक्स’ प्रथमदर्शनीं धिप्पाड आणि कांहींशी उर्मट दिसते. गोल दिवे, जवळजवळ उभी कांच, मागच्या दारावर टांगलेलें जादा चाक. हें रूप पाहून कोणासहि जुन्या जीपेची आठवण व्हावी, आणि तें नातें खोटें नाहीं. १९४५ सालीं लुधियान्यास स्थापन झालेल्या या कंपनीनें पुढें मुंबईंत अमेरिकन विलीस जीपा जोडण्यास आरंभ केला होता. महायुद्धांतील त्या जीपेच्या दोन आंसांमधील अंतर २०३२ मिलिमीटर होतें, २०२० च्या थारचें २४५०, रॉक्सचें २८५०. मागच्या बैठकीवर कुटुंब ऐसपैस बसतें तें या वाढीमुळेंच.

पांदणीवर मात्र हीच वाढ नडते. बैलबंड्यांच्या चाकोऱ्या खोल जातात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. आंस जितके दूर, तितकें गाडीचें पोट एखाद्या बांधावर टेकण्याचें भय अधिक. पुढील चढाचा कोन ४१.७ अंश व मागील ३६.१ अंश हे उत्तम आहेत. पोटाखालचा कोन २३.९ अंशच आहे. बांध तिरपा ओलांडावा, हा उपाय येथील ट्रॅक्टरवाल्यांस शिकवावा लागत नाहीं.

खरी कसोटी पावसाळ्यांतील. येथली काळी माती पाण्यानें फुगते, चाकाच्या खांचा लिंपून टाकते, आणि मग उत्तम टायरहि गुळगुळीत होतें. अशा वेळीं इंजिनाचा जोर फारसा कामाचा नाहीं. तो सारा घसरणाऱ्या चाकाकडेच धांवतो व दुसरें चाक स्वस्थ राहतें. मागील दोन्ही चाकें एकत्र बांधून टाकणारी कळ आणि मंद गतीचा गियर यांचें महत्त्व तेथें कळतें. (बंडीचें अरुंद, उंच चाक चिखल कापून खालच्या टणक थरावर टेकतें, ही युक्ति कोणत्याहि कारखान्याच्या आधींची आहे.)

येथें गिऱ्हाइकानें सावध असावें. आरंभीं ज्या १२.९९ लाख रुपये किंमतीची जाहिरात झाली, ती केवळ मागील चाकांनीं चालणाऱ्या गाडीची होती. चारहि चाकांस शक्ति देणारी योजना डिझेल इंजिनाबरोबरच मिळते. पेट्रोलची रॉक्स दिसावयास तशीच रांगडी, पण ओल्या पांदणींत ती लौकर रुतेल. नागपूरच्या रस्त्यांवर जिचें आयुष्य जावयाचें तिला हा दोष म्हणतां येणार नाहीं. शेत राखणाऱ्या घरानें मात्र दुकानांत हा प्रश्न रंगाच्या आधीं विचारावा.

नाल्याच्या पाण्यासंबंधीं कंपनी ६५० मिलिमीटरांची, म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक खोलीची, ग्वाही देते. ती उभ्या पाण्याची समजावी. वाहत्या नाल्याचा लोंढा याहून कमी खोलींतहि मोटार लोटून नेतो.