ओळख हेही भांडवलच



शेळ्या, कोंबड्या, पापड, शिवणकाम असे जोडधंदे आपल्या घरातल्या बाया मेहनतीने करतात. तरी धंदा दोन शेळ्यांवरच अडतो. आपण म्हणतो, भांडवल नाही. पण कर्ज मिळूनही तो वाढत नाही, हे मी गावोगाव पाहतो. व्यापारी दारात येतो, नजरेने अंदाज करून शेळी नेतो. बाजारात वजनावर काय भाव चालला आहे, हे बाईला सांगणारे कोणी नसते. ही उणीव पैशाची नाही, ओळखीची आहे.

मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात शेजारणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती त्यांनी भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकली. त्यातूनच लिज्जत पापड उभा राहिला. आज तेथे हजारो भगिनींना काम आहे. सात जणी एकत्र आल्या हे खरे, पण बाहेरची एक ओळख नसती तर पापड घरातच राहिले असते.

तेव्हा भगिनींनो, एवढे करा :

१. दहा ते वीस जणींचा बचत गट करा. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री पाळा. सहा महिने गट नीट चालला की बँकेकडे कर्ज मागता येते.

२. बैठकीत नुसते पैसे मोजू नका. कोणी काय विकले, कुठे विकले, काय भाव मिळाला, हे वहीत लिहा.

३. पाळीपाळीने दोघींनी आठवडी बाजारात जाऊन भाव काढावा. शेळी वजनावरच विकावी. खुराक, डाळ, कापड एकत्र आणावे.

४. गावात सगळ्याच जणींनी पापड केले तर घेणार कोण? ग्रामसंघ, प्रभागसंघाच्या बैठकीला जा. परगावच्या बायांकडून नवा धंदा आणि नवे गिऱ्हाईक कळते.

आणि बंधूंनो, बैठकीच्या दिवशी गुरांची धार आणि पोरांचे जेवण तुम्ही बघा. कारभारीण चार गावे हिंडली तर घराचा तोटा होत नाही, चार पैसे जास्तच येतात.

अधिक माहितीसाठी पंचायत समितीत ‘उमेद’ अभियानाच्या कक्षात चौकशी करा.