आगमनकाळाची आशा



२५ डिसेंबरचा नाताळ आपणां सर्वांस परिचित आहे. परंतु त्यापूर्वीचे चार रविवार ख्रिस्ती मंडळी ‘आगमनकाळ’ म्हणून पाळतात, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. अनेक देवळांतून दर रविवारी एकेक मेणबत्ती अधिक लावण्याची चाल आहे. उत्सव अद्याप दूर असतो. हे दिवस केवळ वाट पाहण्याचे.

वाट पाहण्यात सांत्वन ते कोणते? ज्या घरी यंदा एक पाट रिकामा झाला, त्या घरच्या माणसांस ‘धीर धरा’ म्हणणे सोपे आहे. तो धरावयाचा कशाच्या बळावर?

लूकच्या शुभवर्तमानात शिमोन नावाच्या एका भाविकाची कथा आहे. आपल्या लोकांच्या सांत्वनाची तो वाट पाहत होता. अखेर यरुशलेमच्या मंदिरात त्याने बाळ येशूला हातांत घेतले आणि आता आपण सुखाने डोळे मिटू, असे तो म्हणाला. त्याला दिसले ते एक तान्हे मूल. त्या मुलाचे कार्य पुढेच होते. तरीही तो तृप्त झाला. आरंभ पाहून शेवटाविषयी निश्चिंत होणे, हीच ती आशा होय.

ही आशा आपल्या महाराष्ट्रातही नांदली आहे. १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सनातनी वळणात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. काही वर्षे पती एकीकडे व पत्नी दुसरीकडे, अशी गेली. पुढे ती दोघे पुन्हा एकत्र आली, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही, स्वतःच्या विचाराने, तो धर्म स्वीकारला.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करावे म्हणून टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. थोडेच अध्याय झाले, आणि १९१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ती लेखणी उचलली व साठांहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या. ग्रंथ छापून निघाला १९३८ साली. आरंभ करणाराने शेवट पाहिला नाही. शेवटाजवळ नेणारीने छापील पुस्तक पाहिले नाही. म्हणून त्यांचे श्रम वाया गेले, असे कोण म्हणेल?

या दिवसांत आपल्या अंमळनेरच्या शिवारात दादर उभी असते. पावसाळा सरलेला, कापणी दूर. काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढत असते. ती ओल वरून दिसत नाही. शेतकरी मात्र तिच्या भरवशावर रोज बांधावर जातो, आणि राखणही करतो.

आगमनकाळाची आशा अशीच आहे. ती दुःख नाकारीत नाही, अश्रूंस दोष देत नाही. गेलेल्या माणसाचे अपुरे राहिलेले काम हाती घ्या, एवढेच ती सांगते. ज्या घरी पाट रिकामा आहे, तेथे यंदा एखादा दिवा कमी का लावावा? उलट, एक अधिक लावावा. येणाऱ्यास घर ओळखू आले पाहिजे.