फिरत्या करवतीपुढे

यंत्राच्या करवतीला नवखा भितो तो तिच्या दात्यांमुळे. जाणता सुतार मात्र उलट उसळणाऱ्या फळीला अधिक भितो. फिरत्या पात्याचे पुढचे दाते लाकूड मेजावर दाबतात, मागचे ते वर उचलतात. कापलेली फट मिटली, किंवा बाजूची पट्टी पात्याशी समांतर नसली, की हेच मागचे दाते फळी पकडून कामगाराच्या अंगावर भिरकावतात. आणि त्या झटक्यात हात पात्यावर जाऊ शकतो. म्हणून पात्यामागे फट उघडी राखणारी पोलादी पट्टी असावी. आपण पात्याच्या रेषेतून बाजूला उभे राहावे. अरुंद तुकडा बोटांनी न ढकलता काठीने ढकलावा. हातमोजे घालू नयेत. दाते त्यांत अडकतात. वीज बंद केल्यावरही पाते काही वेळ फिरतच असते. ते थांबेपर्यंत भुसा झाडण्याचाही मोह आवरावा.