पिकअपचे ब्रेक किती दिवसांनी पाहावेत?



निघोजे, मोई, कुरुळी, महाळुंगे या आपल्या पट्ट्यात आता बऱ्याच दारांत पिकअप उभी दिसते. पहाटे चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा, दुपारी एखाद्या कंपनीचं भाडं, असा तिचा दिवस जातो. बियाणं आणि खतांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज जिच्यावर माल जातो त्या गाडीच्या ब्रेकविषयी बोलायचं आहे. मी शेतीचा पदवीधर, मिस्त्री नव्हे. पण एका शेतकऱ्याची हकीगत ऐकली आणि वाटलं, हे सांगायलाच हवं.

हे गृहस्थ कांदा भरून वाशीला निघाले होते. खंडाळ्याचा घाट उतरताना त्यांनी सारखा ब्रेकवर पाय ठेवला. निम्म्या उतारावर पायडल मऊ लागू लागलं आणि मग थेट तळाला गेलं. गिअर खाली टाकत, हॅण्डब्रेक ओढत गाडी कशीबशी कडेला उभी राहिली. जीव वाचला. आश्चर्य म्हणजे लायनर चारच महिन्यांपूर्वी बदललेले होते! मग चुकलं कुठं? ब्रेकचं तेल चार वर्षं बदललेलं नव्हतं.

पावसाळ्यात उघड्या मिठाला जसं पाणी सुटतं, तसंच हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्या गाड्यांत बहुधा डॉट-३ किंवा डॉट-४ तेल असतं. नवं डॉट-३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात चाकांशी प्रचंड उष्णता होते, तेलाची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून गाडी कमी चालली तरी दर दोन वर्षांनी तेल बदलावं. तेल कमी झालं म्हणून घरातलं दुसरं कुठलंही तेल त्यात ओतू नका. इंजिन ऑइलनं आतली रबरं फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते.

आता लायनर आणि पॅड. दर पाच हजार किलोमीटरला नुसती नजर टाकावी. दहा हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी होईल तेव्हा मागचे ड्रम उघडून साफ करून घ्यावेत. पुढच्या पॅडचा थर तीन मिलिमीटरच्या खाली आला की बदलावा. गाडीच्या पुस्तकात याहून कमी अंतर दिलं असेल तर तेच धरावं. हे आकडे साध्या वापराचे. आपली गाडी मात्र बांधावरच्या चिखलातून जाते, एम.आय.डी.सी.तल्या कंटेनरच्या रांगेत दर दहा पावलांवर थांबते, आणि खरं बोलायचं तर ठरल्यापेक्षा दोन-चार गोण्या जास्तच वाहते. अशा गाडीला तीन-चार महिन्यांनीच दाखवावं. वेगाचंही लक्षात घ्या. ताशी ४० ऐवजी ६० नं गेलात तर वेग दीडपट होतो, पण थांबवताना ब्रेकवर पडणारं काम सव्वादोन पट होतं.

करकर आवाज, गाडी एका बाजूला ओढणं, पायडल खोल जाणं, चाकाच्या आतून तेल गळणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्या दिवशी भाडं घेऊ नये. एका दिवसाचं भाडं बुडेल एवढंच.

काही जण विचारतात, बॅटरीच्या आणि हायब्रीड गाड्यांचे ब्रेक झिजतच नाहीत म्हणे? हायब्रीड पिकअप आपल्याकडे विरळाच, पण विजेवरचे छोटे टेम्पो आले आहेत. २००५ साली आलेल्या टाटा एसचा विजेवरचा अवतार २०२२ साली निघाला. या गाड्यांत पाय काढला की मोटर उलट काम करून वीज बनवते आणि वेग उतरवते. त्यामुळे पॅड कमी झिजतात, हे खरं. पण कमी वापरलेला ब्रेक पावसाळ्यात गंजून अडकतो, पडून राहिलेल्या कोयत्यासारखा. तेलातही ओलावा तसाच मुरतो. म्हणून पॅड जाड दिसले तरी दर सहा महिन्यांनी उघडून, सरकत्या पिना साफ करून ग्रीस लावून घ्यावं, आणि दोन वर्षांनी तेल बदलावंच. आणखी एक. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मोटरचा हा ब्रेक फारसा लागत नाही. घाटमाथ्यावर चार्जिंग करून उतार उतरणार असाल, तर बॅटरी थोडी रिकामी ठेवा.

डिझेलच्या गाडीनं घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवावी, न्यूट्रल करू नये. ओढ्यातून गाडी काढल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चालावं, म्हणजे लायनर वाळतात. आणि पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर हॅण्डब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला चिकटतात. गिअर टाकून चाकाला दगड लावावा.