बुरशी की जीवाणू? : पायाच्या एका दुर्लक्षित रोगाचे निदान



आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. आज आम्ही मायसेटोमा या रोगाविषयी बोलणार आहोत. तो क्वचित आढळतो. पण ज्याला होतो तो बहुधा अनवाणी शेतात राबणारा माणूस असतो. 1842 साली मदुराईत याची नोंद झाली, म्हणून ‘मदुरा फूट’ हे नाव पडले. मायसेटोमा हे नाव दिले ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी.

पायात काटा मोडतो आणि मातीतील जंतू कातडीखाली जातो. गाठ येते, पण दुखत नाही. म्हणून माणूस कामावर जात राहतो. पुढे गाठीला छिद्रे पडून पू व बारीक रवे बाहेर येतात. रोग हाडात शिरला की पाय कापण्याची पाळी येते.

गोम अशी, की हा रोग कधी बुरशीमुळे होतो, तर कधी जीवाणूंमुळे. पाय दोन्हींत सारखाच दिसतो, उपचार मात्र निराळे. जीवाणूंवर कोट्रायमॉक्साझोल, अमिकासिन ही औषधे चांगली लागू पडतात. बुरशीला इट्राकोनॅझोल महिनोन्‌महिने द्यावे लागते, पुष्कळदा शस्त्रक्रियाही करावी लागते. निदान चुकले तर पैसा जातो, वर्ष जाते आणि शेवटी पायही जातो.

काळे रवे दिसले तर ती बुरशी समजावी. पांढरे, पिवळसर रवे दोन्हींचे असू शकतात. कल्चरमध्ये बुरशी वाढायला आठवडे लागतात. कधी ती वाढतच नाही. अशा वेळी पी.सी.आर. उपयोगी पडते. कॅरी मुलिस यांना ही पद्धत 1983 साली सुचली आणि 1993 साली त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. यात डी.एन.ए.चा ठरावीक तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. बुरशीचा आय.टी.एस. आणि जीवाणूंचा सोळा-एस हा भाग असा वाढवून त्याची रचना वाचली, की जंतूची जात कळते.

पण नमुनाच बिघडला तर यंत्र काय करणार? बायॉप्सीचा सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर कल्चर होत नाही, डी.एन.ए.ही खराब होतो. म्हणून एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवावा. तुकडा खोलातून घ्यावा. वरच्या पुवात इतर जंतू मिसळलेले असतात. मग त्यांचेच नाव रिपोर्टात येते.

2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. परंतु खेड्यातील रोगी यादी वाचत नाही. त्याच्यापर्यंत आपण कार्यकर्त्यांनीच पोचले पाहिजे. पायावर न दुखणारी, वाढत जाणारी गाठ दिसली तर त्या माणसाला सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात न्या. “बुरशी आहे की जीवाणू?” हा एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. आणि शेतात जाताना पायांत पादत्राण घालण्याचा आग्रह धरा.